घरजावयाचं शिखर

दोब्रिल्का गावात परकं राहायला माणसाला फार लांबून यावं लागत नाही. गाव्रिल मेश्कोव्ह अकरा किलोमीटरवरच्या रावनिश्ते गावातून आला होता, आणि येऊन चव्वेचाळीस वर्षं झाली तरी तो रावनिश्त्याचाच होता. त्याच्या लग्नानंतर जन्मलेली माणसं आता नातवंडांची वाट पाहू लागली होती, आणि तीसुद्धा पाहुण्यांना त्याच्याकडे हनुवटीने दाखवून सांगत, "तो ना? तो रावनिश्त्याचा. स्तामेनाने आणलेला."

'आणलेला' हे अगदी खरं होतं. रीतीप्रमाणे मुलगी नवऱ्याच्या घरी जाते. पण गाव्रिलच्या बापाकडे मुलगे चार होते आणि खोल्या दोन, तेव्हा तिसरा मुलगा हत्यारांची पेटी सायकलला बांधून उलट्या दिशेने निघाला आणि सासऱ्याच्या घरी राहायला आला. आमच्या भागात अशा माणसाला दारामागचा जावई म्हणतात. दारामागे झाडू ठेवतात, फावडं ठेवतात आणि जावई ठेवतात. तिन्ही गोष्टी लागतील तेव्हा बाहेर काढायच्या.

गाव्रिल वरचेवर लागायचा. तो सहकारी शेतीच्या गॅरेजात डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा, आणि सुट्टीच्या दिवशी गावातलं उरलेलं सगळं. पाण्याचा पंप, चर्चच्या घंटेचा लोळा, सासूच्या शिवणयंत्राची कळ, मेव्हण्याची मोटारसायकल. काम झालं की लोक मनापासून आभार मानत आणि म्हणत, रावनिश्त्याच्या लोकांच्या हाताला गुण असतो हं. गावच्या सभेत त्याने हात वर केला की मेव्हणा अस्पारुह प्रेमाने म्हणायचा, "जावईबापू, हा जरा गावचा प्रश्न आहे." गाव्रिल हात खाली घ्यायचा. प्रश्न बहुतेक वेळा पंपाचा असायचा.

हा अस्पारुह स्तामेनाचा थोरला भाऊ. आधी तो शाळेत इतिहास शिकवायचा. शाळा बंद पडल्यावर गावाचा सरपंच झाला, कारण एवढ्या मोठ्या आवाजाला दुसरीकडे कुठे काम उरलं नव्हतं. वाईट माणूस नव्हता. त्याची बायको लवकर गेली, एकुलता एक मुलगा देयान शिकागोत ट्रक चालवायला गेला, आणि अस्पारुहकडे गावाचा शिक्का, दफनभूमीच्या फाटकाची किल्ली आणि पणजोबा एवढंच राहिलं. पणजोबांचं नाव वेल्को. त्यांनी तुर्कांविरुद्ध बंदूक उचलली होती हे नक्की. ती झाडली होती का, याविषयी गावात दोन मतं आहेत.

सहकारी शेती मोडली तेव्हा गाव्रिल चाळिशी ओलांडलेला होता. ट्रॅक्टर वाटले गेले, गॅरेजचं छप्परही कोणीतरी वाटून घेतलं. तीन-चार वर्षं त्याने शेजारपाजारची करवतयंत्रं दुरुस्त करण्यात काढली. मग राजधानीतून एक चौकशी आली. दक्षिण ध्रुवाकडच्या एका बेटावर आपल्या देशाचं संशोधन ठाणं होतं. पाच झोपड्या, एक झेंडा आणि एक बर्फावर चालणारं जुनं लष्करी यंत्र. त्या यंत्राचं इंजिन आमच्या सहकारी शेतीतल्या ट्रॅक्टरचंच निघालं, आणि त्याच्या खोड्या ओळखणारा, शिवाय तीन महिने रिकामा असलेला माणूस देशात बहुधा एकच होता.

"गावातून कोणी तिकडे गेलं नव्हतं," अस्पारुह बसथांब्यावर म्हणाला, "आणि अजूनही गेलेलं नाही. रावनिश्त्याचा चाललाय."

स्तामेनाने लोकरीच्या मोज्यांचे सहा जोड दिले आणि म्हणाली, "लवकर ये. तुझ्याशिवाय माझे पाय गरम होत नाहीत." दोन मुलुखांतल्या थंडीची तिने केलेली ही एकमेव तुलना.

बेटावर काम तेच होतं, फक्त वाऱ्यात. गाव्रिलला जनित्राच्या खोपटाच्या दारातून समोर एक शिखर दिसायचं, नव्वद दिवसांत फार तर बारा दिवस. बाकी वेळ धुकं. मागे मोठमोठे डोंगर खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि हे एक त्यांच्यापासून जरा बाजूला. फोटो काढताना 'तूही ये' असं कोणी न म्हटलेला माणूस उभा राहतो तसं. त्याला ते आवडलं. आवडलं हेही त्याने कुणाला सांगितलं नाही. तिथे सांगण्यासारखे सगळे पेंग्विनांवर अभ्यास करत होते.

मोजणीवाला एवलोगी नावाचा एक तरुण होता, दाढीत कायम बर्फ. नकाशातली निनावी शिखरं मोजून त्यांना नावं सुचवायची हे त्याचं काम. नावं राजधानीतली समिती मंजूर करायची आणि ती आपल्या देशातली असावीत असा नियम होता: गावं, किल्ले, राजे, संत. राजे आणि संत पहिल्या काही वर्षांतच संपत आले होते. एकदा संध्याकाळी घेवड्याचं सूप वाढलेलं असताना एवलोगी वही घेऊन बसला आणि टेबलाभोवती विचारत निघाला.

"आचारीबुवा, गाव?"

"माझ्या गावाची हिमनदी झाली मागच्याच वर्षी," आचारी म्हणाला. "सासूला सांगितलं, तर म्हणते पाणी कुठंय त्यात."

"डॉक्टर?"

"मी राजधानीचा. तिचा कधीच डोंगर झालाय."

"गाव्रिलकाका, तुमचं गाव कोणतं?"

गाव्रिलचा चमचा वाटीत थांबला. हा प्रश्न दोब्रिल्कामध्ये त्याला कोणी विचारत नसे, कारण तिथे सगळ्यांना उत्तर माहीत होतं. त्याने टेबलाभोवती पाहिलं. आचारी, डॉक्टर, दोन पक्षीवाले, एक शेवाळवाली बाई. अस्पारुह तिथून पृथ्वीच्या गोलाईइतका लांब होता.

"दोब्रिल्का," तो म्हणाला.

"मूळचे तिथलेच?"

"तिथलाच."

कोणी हसलं नाही. कोणी खाकरलंही नाही. एवलोगीने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "काय प्रसिद्ध आहे तिथे?"

"प्रसिद्ध काही नाही," गाव्रिल म्हणाला. मग त्याला वाटलं, एवढ्यावर शिखर मिळणार नाही. "एक बाई आहे. तिने मला तिथे राहायला जागा दिली. दुसरं कोणी देत नव्हतं."

एवलोगीने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. अर्जात 'नावाचा उगम' असा रकाना होता, त्यात त्याने 'देशाच्या वायव्येकडील गाव' एवढं भरलं. 'का' असा रकाना नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने मोजलेल्या शिखरांची यादी भिंतीवर लागली, आणि ते बाजूला उभं राहिलेलं, चारशे त्र्याहत्तर मीटर उंचीचं, दोब्रिल्का झालं. कोणतं शिखर हवं हे गाव्रिलला कोणी विचारलं नव्हतं. ज्यांची उंची त्या आठवड्यात मोजून झाली त्यांत तेच एक उरलं होतं. कधी कधी सरकारी कामातही असं होतं.

मार्चमध्ये घरी परतल्यावर त्याने स्वयंपाकघरात, स्तामेना घेवडा निवडत होती तेव्हा, तिला सगळं सांगितलं. तिने आधी पाच-सहा दाणे निवडले.

"खरंच म्हणालास, तिथलाच?"

"म्हणालो."

"तोंड उघडलंस तर कुठे, पृथ्वीच्या बुडाशी." तिने एप्रनच्या टोकाने डोळे पुसले आणि लगेच कांद्याकडे पाहिलं, पण कांदा त्या दिवशी चिरलेला नव्हता. "दादाला सांगू नकोस हं. म्हणेल, रावनिश्त्याच्याने गाव पळवलं."

म्हणून सांगितलं नाही. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, तेवीस वर्षं. गावाची माणसं अडीचशेवरून बावीसवर आली. गाव्रिल आणि स्तामेनाची मुलगी स्पेनमध्ये लग्न करून राहिली. शिखर जागच्या जागी होतं.

त्या वर्षी वसंतात हृदयाच्या डॉक्टरांनी स्तामेनाला नवीन गोळ्या दिल्या आणि जिना टाळायला सांगितलं. ती घाबरली नाही. ती आवरायला लागली. कपाट लावलं, लोणच्याच्या बरण्या वाटल्या, आणि मग थडग्याच्या दगडाचा विषय काढला. आमच्याकडे नवरा-बायकोचा दगड एकच असतो. पहिलं कोणी गेलं की दोघांचीही नावं कोरतात, दोघांचेही फोटो लावतात, आणि मागे राहिलेल्याच्या जन्मसालापुढे एक रेघ मारून जागा मोकळी सोडतात. ते माणूस मग दर रविवारी येऊन आपल्याच फोटोला फडकं मारतं. ह्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. जागा पक्की आहे, एवढंच त्यातून कळतं.

स्तामेनाच्या माहेरच्या रांगेत आई-वडील होते, अस्पारुहची बायको होती, आणि तीन जागा शिल्लक होत्या. ती अस्पारुहला घरी जेवायला बोलावून म्हणाली, "दादा, एक माझी, एक गाव्रिलची. दगड आत्ताच सांगून ठेवते."

अस्पारुहने पावाने ताटली पुसली. "तुझी आहेच, स्तामे. तू इथली लेक. एक माझी. आणि एक देयानची."

"देयान शिकागोत आहे."

"आज आहे."

"सोळा वर्षं झाली आज आहे त्याला!"

"माणूस शेवटी आपल्या गावी येतो," अस्पारुह म्हणाला. "जावईबापूंनाही त्यांचं गाव आहे. रावनिश्त्याची दफनभूमी उलट चांगली आहे. फाटक नवीन आहे."

"फाटक मीच बसवलंय," गाव्रिल म्हणाला.

"मग झालं तर! ओळखीचं आहे."

तो गेल्यावर गाव्रिल ताटल्या धुवायला उभा राहिला. "मी जाईन रावनिश्त्याला," तो नळाकडे तोंड करून म्हणाला. "अकरा किलोमीटर तर आहे."

"चव्वेचाळीस वर्षं माझे पाय तुझ्या पोटऱ्यांना लावून झोपले मी," स्तामेना म्हणाली. "आता अकरा किलोमीटर लांबवू का?"

गाव्रिलने एक ताटली दोनदा धुतली.

मेमध्ये देयानचा फोन आला. शिकागोत गाडीत माल भरेपर्यंत वेळ जाईना म्हणून त्याने फोनवर आपल्या गावाचं नाव शोधलं होतं, आणि यंत्राने त्याला गावाऐवजी डोंगर दाखवला. दोब्रिल्का शिखर, दक्षिण ध्रुवाकडचं अमुक बेट, उंची चारशे त्र्याहत्तर मीटर. अस्पारुह फोन कानाला लावूनच रस्त्यावर आला. दुपारपर्यंत बावीसपैकी एकोणीस जणांना बातमी कळली. उरलेले तिघं बहिरे होते, त्यांना लिहून दाखवली.

शिखर का, याचं उत्तर अस्पारुहला संध्याकाळच्या आत सापडलं: वेल्को पणजोबा. "देशाला विसर पडला असेल, पण समितीला नाही," तो चौकातल्या बाकावर बसून म्हणाला. "विद्वान लोक आहेत ते. त्यांच्याकडे कागद असतात." मग त्याला आठवलं. "जावईबापू! तुम्ही तिथं होतात की. पाहिलंत का आपलं शिखर?"

"पाहिलं."

"कसं आहे?"

"धुकं असतं," गाव्रिल म्हणाला. "पण चांगलं आहे."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत? अहो, दगडाला तरी पाझर फुटतो!" अस्पारुह बाकीच्यांकडे वळला. "याला म्हणतात रावनिश्त्याचा माणूस. गावाचं नाव डोंगरावर लागलंय, आणि ह्याला सांगावंसं वाटत नाही. का वाटेल? गाव कुठे त्याचं!"

बाकावर हशा झाला. गाव्रिलही थोडा हसला, सवयीने.

घरी स्तामेना वाटच पाहत होती. तिला खिडकीतून सगळं ऐकू आलं होतं. "मी तेव्हा सांगितलं होतं गप्प बस. आता सांगते, बोल. चौकात उभा राहा आणि बोल. मग बघते तो तुला जागा कशी देत नाही ते."

"म्हणूनच नाही बोलत."

"म्हणजे?"

गाव्रिल खुर्चीवर बसला. एवढं बोलायचं असलं की तो बसत असे. "तेव्हा नाव दिलं ते असंच दिलं. मला द्यावंसं वाटलं म्हणून. आता ते काढून त्याच्या बदल्यात दोन हात जमीन मागू? मग ते नाव राहत नाही, स्तामे. तो सौदा होतो."

"तू मुका आहेस की खुळा, हे मला अजून कळलं नाही."

"आणि दादाला बघ ना. बायको गेल्यापासून एवढा आनंदात पाहिलाय का कधी?"

यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते तिने जिन्यावर चढता चढता, डॉक्टरांना न जुमानता दिलं, आणि गाव्रिलला नीट ऐकू आलं नाही.

अस्पारुहने झपाट्याने कामं उरकली. गावच्या जत्रेला, संत इलियाच्या दिवशी, चौकातल्या पाणवठ्यावर संगमरवरी पाटी बसवायचं ठरलं. पाथरवट तालुक्याहून सांगितला. समितीला पत्र गेलं: आमच्या शिखराच्या नावाचा उगम सविस्तर कळवावा, म्हणजे तो जत्रेत जाहीर वाचता येईल. आणि भोवतालच्या गावांत लावायला निमंत्रणं छापायला दिली.

चूक इथे झाली. आणि ती अशी चूक होती की ती करायला आमच्याकडेच जन्मावं लागतं. तालुक्यात छापखाना म्हणून उरलंय ते अंत्यविधीचं दुकान. माणूस गेला की त्याचा फोटो, नाव, वय असलेला कागद काळ्या चौकटीत छापून फाटकावर, झाडांवर, बसथांब्यावर चिकटवतात. मग चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. दुकानाला दुसरं काही छापायची वेळच येत नाही. दुकानदाराने नेहमीच्या साच्यात फोटोच्या जागी शिखर घातलं, खाली मोठ्या अक्षरांत दोब्रिल्का, मग दिवस आणि वेळ. काळी चौकट तशीच राहिली. तळाला 'शोकाकुल' हा शब्दही तसाच राहिला, आणि त्याच्यापुढे अस्पारुहचं पूर्ण नाव.

अस्पारुहला ते दिसलं नाही का? दिसलं. पण चष्म्यातून चौकट पाहून-पाहून आमच्या लोकांना ती कागदाची कडाच वाटते. त्याने सात गावांत स्वतः फिरून कागद लावले, आणि जिथे असे कागद लागतात तिथेच लावले.

संत इलियाच्या दिवशी सकाळी अकराला चौकात दोब्रिल्काने वीस वर्षांत पाहिली नव्हती एवढी गर्दी झाली. सगळे काळ्या कपड्यांत. हातात कार्नेशनची फुलं, दोन किंवा चार. सम संख्या, मेलेल्यांना देतात तशी. बायकांनी साखर-अक्रोड घातलेले शिजवलेले गहू डब्यांतून आणले होते. एकजण अस्पारुहच्या गळ्यात पडून म्हणाला, "धीर धर, अस्पारुह. फार त्रास तर नाही ना झाला?"

"कुणाला त्रास?"

"जे कोण गेलं त्यांना."

"कोणी गेलेलं नाही! डोंगर आहे तो!"

"हो, हो," तो माणूस समजुतीने म्हणाला. "डोंगरच कोसळल्यासारखं वाटतं आधी."

रावनिश्त्याहून आलेली एक म्हातारी गाव्रिलला हाताशी धरून उभी होती. ती त्याची लहानपणची शेजारीण. "आम्हाला वाटलं गावच गेलं रे," ती म्हणाली. "हल्ली सरकार नावं खोडतंच आहे यादीतून, माणसं संपली की. म्हटलं, आपल्या गाव्रिलचं गाव, शेवटचं भेटून यावं." तिने दोन कार्नेशन त्याच्या हातात दिली.

गाव्रिल फुलांकडे पाहत राहिला. रावनिश्त्याच्या म्हातारीने ते गाव त्याचं म्हटलं होतं, आणि तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

अस्पारुह बाकावर चढला. गैरसमज दूर करायला त्याला दहा मिनिटं लागली, आणि तरीही रस्सा वाढेपर्यंत मागच्या रांगेत दोघी रडतच होत्या; डबे आणलेत तर रडून घ्यावं, असा त्यांचा हिशेब असावा. मग त्याने खिशातून लिफाफा काढला. पत्र आठवड्यापूर्वीच आलं होतं, पण त्याने ते फोडलं नव्हतं. वेल्को पणजोबांचं नाव पहिल्यांदा सगळ्यांसमोर, सगळ्यांबरोबर वाचायचं होतं त्याला. त्याने स्तामेनालाही तसं सांगून ठेवलं होतं, आणि लिफाफा रोज एकदा उजेडासमोर धरून पाहिला होता.

"माननीय सरपंच," तो शाळेतल्या आवाजात वाचू लागला. "आपण विचारलेल्या शिखराचं सर्वेक्षण मी स्वतः केलं होतं. त्यामुळे नावाचा उगम मला चांगला आठवतो. तो आमच्या कागदपत्रांत नाही, कारण त्यासाठी—"

तो थांबला. ओठ हलत राहिले, आवाज आला नाही. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पाणवठ्याचं पाणी पडण्याचा आवाज येत होता. गाव्रिल दोन कार्नेशन धरून उभा होता, आणि त्याला खाली एवलोगीची सही उमटलेली कागदाच्या मागून दिसत होती. त्याच्या शेजारी स्तामेनाने त्याचं कोपर पकडलं. बरंच घट्ट.

अस्पारुहने मान वर केली. त्याने गर्दीकडे नाही, गाव्रिलकडे पाहिलं. शाळेत चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे तो जसा पाहायचा तसं. फक्त ह्या वेळी चूक कुणाची होती ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"पुढे सगळं तांत्रिक आहे," तो म्हणाला आणि पत्र घडी करून आतल्या खिशात ठेवलं. मग पाटीवरचं फडकं ओढलं. पाटीवर वेल्को पणजोबा होते, त्यांची बंदूक होती, शिखराची उंची होती, आणि पाथरवटाला दुसरी नक्षी येत नसल्यामुळे कडेने थडग्यावरची द्राक्षवेल होती. टाळ्या पडल्या. राकियाचे, म्हणजे घरच्या फळांच्या दारूचे, पेले भरले. निम्म्या लोकांनी सवयीने पहिला घोट मेलेल्यांसाठी जमिनीवर ओतला, आणि मयताच्या रीतीने कोणी पेल्याला पेला लावला नाही. अस्पारुहनेही लावला नाही.

"बोलला नाही," स्तामेना घरी येताना म्हणाली. तिचा श्वास चढला होता. "वाचलं आणि गिळलं. माझा सख्खा भाऊ."

"गिळू दे. सावकाश पचतं."

"तुला राग कसा येत नाही?"

गाव्रिलने जरा विचार केला. "येतो की," तो म्हणाला. "पण तो मला पुरेसा जमत नाही."

चार दिवस अस्पारुह दिसला नाही. पाचव्या दिवशी सकाळी फाटकाशी येऊन उभा राहिला, आत न येता. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात दोरीचं रिळ आणि लाकडी खुंट्या.

"जन्मसाल कोणतं तुझं?"

चव्वेचाळीस वर्षांत त्याने गाव्रिलला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. जावईबापूंना अहो-जाहो करतात. तो आदर माणसाला लांबच ठेवतो.

"एक्कावन्न," गाव्रिल म्हणाला. "का?"

"पाथरवट उद्या पाटीचा एक कोपरा नीट करायला येतोय. परत परत कोण बोलावणार त्याला? चल जरा."

दोघं चढावरून दफनभूमीकडे निघाले. अस्पारुह पुढे, गाव्रिल मागे फावडं घेऊन. अर्ध्या वाटेवर अस्पारुह मागे न बघता म्हणाला, "तो एवलोगी म्हणून कोण, त्याला ओळखतोस?"

"ओळखतो. चांगला मुलगा."

"मुलगा कसला, प्राध्यापक आहे आता. तुझी आठवण काढलीय."

"बरं."

पुन्हा काही पावलं गेली. "पाटी तर कोरून झालीय," अस्पारुह म्हणाला.

"छान झालीय, दादा."

"वेल्को पणजोबा तसे काही वाईट नव्हते."

"नव्हतेच."

"बंदूक होती त्यांच्याकडे."

"पाटीवर चांगली आलीय बंदूक. राहू दे."

अस्पारुहने फाटक उघडलं. बिजागरी कुरकुरली नाही. तिला तेल कोण घालतं हे त्याला बहुधा त्याच क्षणी सुचलं असावं, कारण तो बिजागरीकडे गरजेपेक्षा जास्त वेळ पाहत राहिला. मग रांगेपाशी जाऊन त्याने दोरी सोडली. आई, वडील, त्याची बायको, मग गवत.

"देयानला फोन केला होता," तो वाकून खुंटी रोवत म्हणाला. "म्हटलं, तुझ्या जागेचं बोलायचंय. म्हणाला, कुठली जागा, बाबा? त्याच्या बायकोने तिकडे दोघांसाठी घेऊनसुद्धा ठेवलीय. तलाव आहे म्हणे समोर." त्याने फावड्याच्या दांड्याने खुंटीवर ठोका घातला. "सोळा वर्षं मी ह्या तुकड्यातलं गवत काढतोय."

गाव्रिलने दोरीचं दुसरं टोक धरलं. यंत्र असो, माणूस असो, दुसरं टोक धरणं त्याला जमायचं.

"असं म्हणालास तिथे?" अस्पारुह अजून वाकलेलाच होता. "की तिच्याशिवाय दुसरं कोणी जागा देत नव्हतं?"

"सूप पीत होतो. बोलून गेलो."

"हं." अस्पारुह उभा राहिला आणि कंबर धरली. "ही कड उत्तरेची आहे, आधीच सांगतो. हिवाळ्यात इथे ऊन येत नाही. नंतर कुरकुर चालायची नाही."

"चालेल," गाव्रिल म्हणाला. "तिकडेही नव्हतं येत."

फाटकाशी पावलं वाजली. स्तामेनाला जिना टाळायला सांगितला होता, म्हणून ती टेकडी चढून आली होती. ती श्वास घेत उभी राहिली. तिने दोरी पाहिली, खुंट्या पाहिल्या, भाऊ पाहिला, नवरा पाहिला. डोळे भरून आले तेव्हा ती रागावली.

"हे काय? त्याला भिंतीकडे आणि मला वाटेकडे?"

"मग?" अस्पारुह म्हणाला.

"भिंतीकडे मी. घरी तसंच झोपतो आम्ही."

"अगं, काय फरक पडतो आता?"

"तुला नाही पडत. माझे पाय कुठे असतात ते मला माहीत."

अस्पारुहने गाव्रिलकडे पाहिलं. गाव्रिलने खांदे उडवले. सरपंचाने एक उसासा सोडला, गुडघ्यावर बसला, ठोकून पक्की केलेली खुंटी दोन्ही हातांनी हलवून उपटली, आणि दोन हात पलीकडे पुन्हा ठोकायला घेतली.